व्हय म्हाराजा!

आरवलीच्या वेतोबाला चपला लागतात. साध्यासुध्या नव्हेत, चामड्याच्या, जाड तळाच्या, लहान पोराने दोन्ही पाय एकाच चपलेत घालून उभं राहावं एवढ्या मोठ्या. नवस फेडायला येणारा माणूस केळ्यांचा घड आणतो आणि सोबत हा जोड. देवळात असे जोड मांडलेले दिसतात आणि पहिल्यांदा आलेला पाहुणा इकडेतिकडे बघत हळूच वाकून त्यांचे तळ न्याहाळतो. गावाचं सांगणं असं की वेतोबा रात्री या चपला पायात घालून हद्दीवर फेरी मारतो आणि चालून चालून त्या झिजतात. झिजल्या की नवा जोड हवा. यात गावाला नवल वाटण्यासारखं काही नाही. रात्रपाळी करणाऱ्याला पादत्राण पुरवायला नको?

आरवली हे वेंगुर्ले तालुक्यातलं, शिरोड्याला खेटून असलेलं गाव. वेतोबाची मूर्ती उंचीला नऊ फुटांच्या आसपास, उभी, रुबाबदार. आता ती पंचधातूची आहे; पूर्वी फणसाच्या लाकडाची असे. म्हणून आरवलीत घराला फणसाचं लाकूड वापरत नाहीत. कोकणात फणसाचं लाकूड वर्ज्य करणं म्हणजे काय, हे ज्याने घर बांधलंय त्यालाच कळेल. पण देवाचं अंग ज्या लाकडाचं, त्याचा पाट करून त्यावर बसायचं कसं? जयवंत दळवी याच गावचे. त्यांच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मधली एकेक वल्ली वाचून ज्यांना लेखकाने भलतंच रंगवलंय असं वाटलं असेल, त्यांनी सिंधुदुर्गात चार दिवस राहून बघावं. ज्या मुलखात देवसुद्धा इतके स्वभावाचे असतात, तिथे माणसं सरळसोट कुठून निघणार!

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी ओरोसला आहे, पोलीस ठाणी आहेत, पंचायत समित्या आहेत. पर्यटकांना यातलं काही लागत नाही. त्यांना तारकर्लीचं पाणी, देवबागची होडी, सुरमईचं ताट आणि सोलकढी पुरते. पण रस्ता सोडून पाणंदीने आत शिरलं की दुसराच कारभार लागतो. तिथे गावचा ग्रामदेव असतो, रवळनाथ किंवा रामेश्वर. त्याच्या जोडीला सातेरी, पावणाई, भूमिका, माउली अशा देवी. सातेरी कित्येक ठिकाणी मूर्तीच्या रूपात नसतेच. गाभाऱ्यात चक्क वारूळ असतं, छतापर्यंत वाढलेलं. शिवाय हद्दीवर राखणदार, वाटेवर देवचार. प्रत्येकाचं काम ठरलेलं, हद्द ठरलेली, मान ठरलेला. एकाच्या खात्यात दुसरा सहसा ढवळाढवळ करत नाही. ही शिस्त वरच्या कचेऱ्यांना कधी जमेल ती जमो.

यातला देवचार हा सगळ्यात सलगीचा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री-अपरात्री फिरणारा. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो, अशा गजाली घरोघर ऐकायला मिळतात. त्याला द्यायचं काय, तर रोट, विडी-काडी आणि जमलं तर घोटभर. तूप, पेढे, केशर याची त्याला आवड नाही. दिवसभर राबून रात्री राखण करणाऱ्या गड्याला जे लागेल तेच देवचाराला लागतं. घर बांधायला काढलं की पाया खणण्याआधी जुनीजाणती माणसं विचारतात, याची वाट तर मध्ये येत नाही ना? आर्किटेक्टच्या नकाशात ही वाट दाखवलेली नसते. पण ती अडवली, तर पुढे घरात जे काही बिनसेल, गळणारं छप्पर, लांबलेलं लग्न, बिघडलेला पंप, त्याचं खापर त्या नकाशावरच फुटतं.

अशा देवांशी बोलायचं कसं? त्यासाठी गाऱ्हाणं आहे.

सिंधुदुर्गातलं गाऱ्हाणं म्हणजे गाऱ्हाणं सांगणं नव्हे, गाऱ्हाणं ‘घालणं’. देवळात गुरव, घाडी किंवा गावचा मानकरी नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहतो. मागे ज्याचं काम अडलंय तो आणि त्याची माणसं हात जोडून. मग मानकरी एका सुरात सुरू करतो: ‘बा देवा म्हाराजा! हो जो तुझो भक्त मुंबयसून तुझ्या पायाकडे इलो हा, तेच्या मनात जी काय इच्छा आसा ती पुरी कर रे म्हाराजा!’ मागून सगळे एकदम: ‘व्हय म्हाराजा!’ ‘तेच्या घरादाराक, पोराबाळांक, गाडयेक-घोड्याक सुखी ठेव रे म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘आणि कोणी वायट चिंतल्यान आसात तर तेचा तेका बघून घे रे म्हाराजा!’ या शेवटच्या ओळीला ‘व्हय म्हाराजा’ जरा जास्त जोरात येतं, हे कान देऊन ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं.

यात काकुळती फारशी नाही. गावच्या वतीने रीतसर अर्ज दाखल होतो. अर्जदाराचं नाव, गाव, वाडी, काय अडचण, काय हवं, सगळं स्पष्ट. वेळ पडली तर देवाला त्याच्या कर्तव्याची आठवणही करून दिली जाते: गेल्या वर्षी तुझा मान दिला, जत्रा केली, कुठे कमी पडलं असलं तर पदरात घे, पण आमचं काम कर. चांगला गाऱ्हाणं घालणारा दम लागू न देता पाच-दहा मिनिटं बोलतो, एकही मानकरी किंवा जागेवाला सोडत नाही, आणि बोलताना कुठेही अडखळत नाही. अशा माणसाला पंचक्रोशीत बोलावणं असतं. गाऱ्हाण्याची लय इतकी अंगवळणी पडलेली आहे की गावच्या क्रिकेटच्या स्पर्धेचा नारळ असो, मुंबईतल्या एखाद्या ग्रामस्थ मंडळाची सभा असो, कुणीतरी सुरुवात करतो आणि सभा आपोआप ‘व्हय म्हाराजा’ म्हणते.

अर्ज दाखल झाला की उत्तर हवंच. ते कौलातून येतं. मूर्तीवर किंवा पाषाणावर फुलांच्या पाकळ्या नाहीतर तांदूळ पाण्याने चिकटवतात आणि वाट बघतात. उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. कुठला पडला म्हणजे काय समजायचं, हे आधीच देवाला बजावून सांगितलेलं असतं, म्हणजे मागाहून वाद नको. कधी पाकळी चटकन पडते, कधी अर्धा तास हलत नाही. पंखा बंद केलेला असतो, कुणी जोरात श्वासही सोडत नाही. नुसतं ‘हो की नाही’ एवढंच विचारता येतं, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याची हुशारी लागते. ‘मुलाचं लग्न कधी होईल’ असा मोघम प्रश्न चालत नाही. ‘वैशाखापूर्वी होईल काय’ असा नेमका टाकावा लागतो. आणि उत्तर डावं आलं की प्रश्न थोडा फिरवून पुन्हा विचारण्याची सोय आहेच. देव कंटाळून हो म्हणतो, असं काही वात्रट तरुण म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांनाही दुकानाचा मुहूर्त काढायचा असला की ते त्याच रांगेत बसतात.

कौलाचं वजन कळायचं असेल तर आचऱ्याला जायला हवं.

मालवण तालुक्यातलं आचरे हे बारा वाड्यांचं, नांदतं, बाजारपेठेचं गाव. इथला ग्रामदेव रामेश्वर. साधारण चार वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्रींसाठी आपली घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातं. याला गावपळण म्हणतात. गावपळणीला सूट कुणाला नाही. तान्हं मूल जातं, अंथरुणाला खिळलेली आजी जाते, गाई-म्हशी, कोंबड्या, कुत्री, मांजरंही जातात. गावातली मुसलमान आणि ख्रिस्ती घरंही निघतात. देव कुणाचा हा प्रश्न इथे निघत नाही, गाव सगळ्यांचं आहे एवढं पुरतं. ठरल्या दिवशी इशारा झाला की घरांना कुलपं लागतात आणि टेम्पो, बैलगाड्या, रिक्षा, डोक्यावरची बोचकी अशी वरात हद्दीकडे निघते. संध्याकाळपर्यंत गावात चिटपाखरू उरत नाही. पेठ बंद, चुली थंड. तिऱ्हाईताने त्या रस्त्याने यावं तर त्याला वाटेल, काहीतरी भयंकर घडलंय.

आणि हद्दीपलीकडे? तिथे जत्रा असते. आदल्या आठवड्यातच बांबू, माडाची झापं, ताडपत्र्या नेऊन राहुट्या उभ्या केलेल्या असतात. कुणी नदीकाठ पकडतो, कुणी माळ, कुणी नातेवाइकाची बाग. घरात ज्यांची तोंडं एकमेकांकडे नसतात ते भाऊ इथे शेजारी-शेजारी राहुट्या ठोकतात, कारण सपाट जागा तेवढीच असते. तीन दगडांच्या चुलीवर भाताचं आधण चढतं, पोरं खाडीत कुर्ल्या शोधत हिंडतात, बायका फुगड्या घालतात, रात्री भजनाचा डबलबारीचा सामना रंगतो. मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानी रजा टाकून खास यासाठी येतात. बंगल्यात एसी लावून झोपणारा गृहस्थ इथे पेंढ्यावर पथारी पसरून डास मारत पडलेला असतो आणि सकाळी उठून सांगतो, काय झोप लागली म्हणून सांगू!

तीन रात्री संपल्या की पुन्हा कौल. रामेश्वराने उजवा दिला तर गाव परततं. नाही दिला, तर मुक्काम वाढतो. शाळेची परीक्षा असो, ऑफिसची रजा संपलेली असो, इलाज नाही. ‘कौल गावलो?’ ‘नाय गावलो, आजून एक दिस रव्हा म्हणता.’ संपला विषय. एरवी ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी दोन तास उशिरा आलं तर तालुक्याला मोर्चा नेणारी हीच माणसं देवाच्या मुदतवाढीवर चकार शब्द काढत नाहीत. उलट आणखी मासळी आणायला कुणाला तरी पिटाळतात.

ही प्रथा कशातून आली, याची उत्तरं अनेक. जुनी माणसं सांगतात, ते तीन दिवस गाव देवाचं आणि त्याच्या गणांचं. तेव्हा माणसाने तिथे काय करायचं? शिकलेले म्हणतात, साथीच्या रोगात गाव रिकामं करायची ही जुनी युक्ती असावी. अलीकडे पर्यावरणाची भाषा आली आहे, मातीला आणि हवेला विश्रांती मिळते वगैरे. प्रत्येक जुन्या रीतीत विज्ञान सापडलंच पाहिजे, या आपल्याकडच्या हौसेतून गावपळणही सुटलेली नाही. आचऱ्याच्या माणसाला खोदून विचारलं तर तो एवढंच म्हणतो, मजा येता. आणि हे कारण बाकीच्या तिन्हींपेक्षा कमी खरं मानायला काही आधार नाही. मालवण तालुक्यातल्या चिंदर आणि वायंगणी या गावांतही गावपळण होते. वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यात तर ती दरवर्षी पौषात असते; गाव शेजारच्या सडुरे गावच्या हद्दीत जाऊन राहतं आणि प्राथमिक शाळासुद्धा मागोमाग जाऊन झाडाखाली भरते.

देव माणसांना घराबाहेर काढतात, तसे स्वतःही घरात बसत नाहीत. नातीगोती सांभाळणं त्यांनाही चुकलेलं नाही. देवस्वाऱ्या निघतात, तरंगकाठ्यांना रंगीत लुगडी नेसवून ढोल-ताशांच्या गजरात देव बहिणीला भेटायला जातो, वाटेत प्रत्येक वाडीवर थांबतो, ओट्या घेतो, गाऱ्हाणी ऐकतो. पाच किलोमीटरला अख्खा दिवस लागतो. देवगड तालुक्यात समुद्राच्या अगदी कडेवर कुणकेश्वराचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला जिल्ह्यातल्या लांबलांबच्या गावांचे देव तिथे तीर्थस्नानाला येतात. म्हणजे मूर्ती, तरंग, पालख्या घेऊन गावकरी समुद्रात उतरतात आणि देवाला खाऱ्या पाण्याची आंघोळ घडवतात. कुठल्या देवाने आधी आत शिरायचं, कुणी मागून, हे मानपान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले.

पण सगळ्यात लोभस भेट कांदळगावच्या रामेश्वराची. तीन वर्षांनी एकदा हा देव मालवणला येतो, धक्क्यावर होडीत बसतो आणि पाणी ओलांडून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातो, शिवाजी महाराजांना भेटायला. किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं. महाराजांची बैठी मूर्ती, दाढी नसलेली, एरवीच्या चित्रांतल्या महाराजांपेक्षा अगदी निराळी. तिथे महाराजांची रोजची पूजा होते. किल्ल्यावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात, चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी दाखवतात: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. देवाने राजाच्या घरी पाहुणा म्हणून जावं, त्याच्यासाठी मच्छीमारांनी होड्या सजवाव्यात, आणि भेट झाल्यावर देवाने मुकाट्याने परतीची भरती गाठावी, हा सोहळा काही लोकांना भाबडा वाटेल. मालवणकरांना तो शेजारधर्म वाटतो.

समुद्राशीही हाच व्यवहार. मासेमारीची पावसाळी बंदी सरकारी कागदावर १ जून ते ३१ जुलै अशी असते. तारीख उलटली म्हणजे होडी पाण्यात घालायला कायद्याची हरकत नाही. पण कितीतरी घरांत नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याखेरीज होडी हलत नाही. कायद्याने सोडलं तरी दर्याने सोडायला हवं ना! मालवणात त्या दिवशी किल्ल्याचा मानाचा नारळ आधी, मग शहराचा. त्यानंतर बंदरावर जे होतं ते मात्र निव्वळ चैन: नारळ लढवणं. दोघे समोरासमोर उभे राहतात. एक नारळ धरतो, दुसरा त्यावर आपला नारळ आपटतो. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटका नारळ जिंकणाऱ्याच्या पिशवीत. नारळ निवडणं ही यातली खरी विद्या. माणसं कानाशी धरून तो वाजवतात, नखाने करवंटीचा अंदाज घेतात, तळहातावर तोलतात आणि ‘ह्येच्यात दम नाय’ म्हणून परत टाकतात. बायकाही हिरिरीने खेळतात. संध्याकाळी घरोघरी इतका नारळ जमतो की पुढचे दोन दिवस नारळीभात, वडी, कढी यांतून सुटका नसते.

सणांचं निघालंच आहे, तर मालवण तालुक्यातच कोईळ नावाचं गाव आहे. कोकण आणि गणपती यांचं नातं सांगायला नकोच. चतुर्थीसाठी मुंबई अर्धी रिकामी होते. कोईळमध्ये मात्र घरोघर गणपती आणत नाहीत. गावच्या देवळातला गणपती तोच सगळ्यांचा. इथवर ठीक. पण घरात गणपतीची दुसरी मूर्ती तर नाहीच, चित्रही चालत नाही. भिंतीवर कॅलेंडर टांगायचं तर त्यावर गणपती नको. महाराष्ट्रात छापलेलं, गणपती नसलेलं कॅलेंडर शोधून पाहा, म्हणजे कोईळकरांच्या निष्ठेची किंमत कळेल.

देवाच्या मर्जीने सगळ्यात मोठी धावपळ कुणाची उडत असेल तर ती रेल्वेची. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते, बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, हिला ठरलेली तिथी नाही. आंगणे मंडळी देवीचा कौल घेऊन तारीख ठरवतात, आणि ती ठरेपर्यंत मंत्र्यालाही सांगता येत नाही. जत्रेच्या या तारखेकडे मुंबई कान लावून असते. ती बाहेर पडली रे पडली की कोकण रेल्वेच्या तिकिटांवर उड्या पडतात, ट्रॅव्हल्सवाले भाव चढवतात, रेल्वे जादा गाड्या सोडते आणि कंपन्यांमधून अनेकांची आजी एकाच दिवशी आजारी पडते. जत्रेला लाखो माणसं लोटतात. राजकारण्यांचे फलक इतके लागतात की रस्त्याने जाताना देवीचं देऊळ कुठे आहे ते कळत नाही, पण पुढच्या निवडणुकीला कोण कोण उभं राहणार ते कळतं. या गदारोळात, देवळाला लागून असलेल्या घरांमधून आंगणे कुटुंबातल्या बायका देवीचा प्रसाद रांधत असतात, एक शब्दही न बोलता. प्रसाद शिजून देवीपुढे जाईपर्यंत अबोला. बाहेर लाउडस्पीकर, आत मौन. त्यांच्या संयमाला नमस्कार. एरवी मालवणी घरात चार बायका स्वयंपाकघरात एकत्र आल्या तर शेजारच्या घरातला माणूस टीव्हीचा आवाज वाढवतो.

जत्रेला गेलं आणि खाजं न घेता परतलं, तर घरी विचारणा होते. खाजं म्हणजे बेसनाच्या कांड्या, तळून गुळाच्या पाकात घोळलेल्या, वर आल्याचा झणका. दात शाबूत असलेल्यांचा मेवा. पण जत्रेचं खरं आकर्षण खाजं नाही आणि पाळणेही नाहीत. रात्री उशिरा देवळाच्या आवारात जे उभं राहतं ते दशावतारी नाटक, मालवणी माणूस ज्याला नुसतं ‘नाटक’ किंवा ‘दहिकालो’ म्हणतो.

दशावताराला संहिता नसते. संध्याकाळी कंपनीचा मालक आज कुठलं आख्यान लावायचं ते सांगतो, कुणी कुठली भूमिका करायची ते वाटून देतो, आणि प्रवेशांचा क्रम ठरला की झालं. संवाद ज्याने त्याने रंगमंचावर उभं राहून रचायचे. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच शेषाची शय्या, तेच कैलास. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. रंगपटात प्रत्येक नट आपला चेहरा स्वतः रंगवतो: एका हातात छोटा आरसा, समोर सफेदा आणि कुंकवाची डबी, मांडीवर मुकुट. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात, आणि अशा तन्मयतेने की पुढच्या रांगेतल्या बायका लुगड्याची निरी कशी घेतली आहे ते निरखून बघतात.

सुरुवातीला गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, भटजी येतो. मग काळ्या कपड्यांतला संकासुर. हा वेद चोरणारा राक्षस, पण मुलांचा लाडका. पेटीवाल्याशी त्याची जुंपते, तो मालवणीत बोलतो, गावातल्या एखाद्या बड्या असामीची फिरकी घेतो, आणि ती असामी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेली असते. पुढे मुख्य आख्यान सुरू झालं की राजे आणि ऋषी एकदम जड, संस्कृतप्रचुर मराठी बोलू लागतात. लांबच लांब समास, तोंडाला फेस आणणारे. शाळा अर्ध्यावर सोडलेला, दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री बारा वाजता शुक्राचार्य होऊन नीतिशास्त्रावर वीस मिनिटं न अडखळता बोलतो. समोरचाही तयारीचा असेल तर दोघांचा वाद रंगत जातो, आणि मालकाला मागून खूण करावी लागते की बाबांनो, पहाट व्हायच्या आत राक्षस मारायचाय. युद्धाला तलवारी परजत गिरक्या सुरू झाल्या की पखवाजवाला जिवाचं रान करतो आणि पेंगणारी पोरं टक्क जागी होतात.

‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं दशावतारी नटांबद्दल म्हणायची पद्धत होती. सामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन ते पुढच्या जत्रेच्या गावी चालत निघत. आता बोजा टेम्पोत चढतो. आणखीही बदल झालेत. जाहिरातीच्या फलकावर ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द हवाच. म्हणजे देवी प्रकट होताना धूर, राक्षसाच्या तोंडातून आग, आकाशातून उतरणारा गरुड. जुने रसिक नाकं मुरडतात. पण ट्रिकसीनच्या नाटकाला गर्दी दुप्पट होते आणि तेही त्या गर्दीत असतात.

या सगळ्या खटाटोपातला विनोद महाराष्ट्रभर पोचवला तो ‘वस्त्रहरण’ने. गंगाराम गवाणकरांचं नाटक, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच, गावातली हौशी मंडळी महाभारत उभं करायला जातात आणि जे नको तेच घडत जातं. १९८० साली आलेल्या या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले, आणि त्याने मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीचं दार सताड उघडून दिलं. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ हा चित्रपट आला, तेव्हा शहरांतल्या मल्टिप्लेक्समध्ये संकासुराची ओळख नसलेली पोरं आईबापांना प्रश्न विचारत बाहेर पडली. इकडे गावात त्याचं अप्रूप मर्यादित होतं. ज्यांच्या अंगणात दरवर्षी मूळ प्रत येते, त्यांनी तिकीट काढून नक्कल का बघावी, असा बिनतोड सवाल काही जणांनी केला आणि मग तिकीट काढलं.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपन्यांना उसंत नसते. रोज नवं गाव, नवं देऊळ. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेनंतर येते. तिथे नवस बोललेली माणसं देवळाभोवती जमिनीवर लोटांगणं घालत फिरतात, म्हणून ती लोटांगणांची जत्रा. ती आटोपली की दुसरीकडे. नाटकाच्या फलकावर वेळ छापलेली असते रात्री अकरा. परगावचा, घड्याळ बघून चालणारा पाहुणा पावणेअकराला येऊन जागा धरतो आणि रिकाम्या बाकड्याकडे बघत बसतो. पालखी देवळाभोवती फिरून आत गेल्याशिवाय पडद्याचा प्रश्नच नाही, आणि पालखीला अजून बारा-पाच मानकऱ्यांचे नारळ घ्यायचेत. साडेबारा झाले तरी पेटीवाला सूर लावत असतो. पाहुणा शेजारच्या म्हाताऱ्याला विचारतो, नाटक कधी सुरू होणार हो? म्हातारा खाज्याची कांडी दाढेखाली मोडत सांगतो, ‘देव भितर जावंदे, मगे बघूया.’